न्यायासनाची उजवी बाजू

१२ जानेवारी १७९५

मिस्टर क्रॅनिज या पुस्तकविक्याने आज बोलावून काम दिलं. हप्त्याहप्त्याने छापल्या जाणाऱ्या बायबलसाठी एक मोठं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं आहे. चार महिने माझ्याकडे दुकानांच्या पाट्या आणि चहाच्या पुड्यांवरच्या नक्ष्या यांखेरीज काही नव्हतं, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. डोळ्यांबद्दल त्याने विचारलं. मी म्हटलं, उत्तम आहेत. देव मला क्षमा करो, क्रॅनिजचा चेहरासुद्धा मला धुरातून बघितल्यासारखा दिसत होता.

चित्र शेवटच्या न्यायाचं. मधोमध न्यायासनावर प्रभू, दोन्ही हात सारखे पसरलेले. त्याच्या उजव्या हाताला राजे, बिशप, न्यायाधीश आणि तलवारी लटकवलेले सेनापती. डाव्या हाताला फाटक्या लोकांचा जमाव, त्यांतल्या काहींच्या डोक्यावर फ्रेंच बंडखोरांच्या टोप्या. उजवीकडचे तरणार आणि डावीकडचे कायमचे जळणार, हे आमच्या चॅपलमधलं शेंबडं पोरही सांगेल. शास्त्रात मेंढ्या आणि बकऱ्याही आहेत, पण चित्रकार मिस्टर पेलू यांना जनावरं काढता येत नाहीत, म्हणून त्यांनी ती गाळली. निकाल अजून लागायचा आहे, सगळे नुसते उभे आहेत. कोण कुठल्या बाजूला उभा, एवढ्यावरच सगळा अर्थ.

घरी आणून बायकोला, डॉर्कसला दाखवलं. ती खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत राहिली.

"हा बघ," ती म्हणाली, "एका पायावर भार टाकून उभा आहे तो. जोडा हातात धरलाय. आपला लूक असाच उभा राहायचा."

मी म्हटलं, "पेलूने लूकला जन्मात पाहिलं नाही."

"नसेल पाहिलं. पण उभा कुठे केलाय ते बघ."

मी बघितलं. मला त्या गर्दीत ठिपक्यांशिवाय काही दिसलं नाही. आमच्या मुलाबद्दल, लूकबद्दल या वहीत लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे.

१९ जानेवारी

थंडी अशी की शाई गोठते. नदीवर बर्फ धरलं आहे म्हणतात. बार्लीचा पाव आणि खारे हेरिंग मासे, आज चौथा दिवस.

डॉर्कसने चित्राचा माग तेलकट कागदावर उतरवला आणि तो मेण लावलेल्या पत्र्यावर ठेवून दाबून घेतला. हे काम गेली दोन वर्षं तीच करते. त्यात अक्कल लागत नाही, फक्त धड डोळे लागतात. कागद तेलकट असला की दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मी विचारलं, बरोबर ठेवलास ना? ती म्हणाली, "जसा ठेवायला हवा तसा ठेवलाय." तिच्या बोलण्याला हल्ली अशी धार असते.

२३ जानेवारी

बाहेरच्या बर्फाचा उजेड आरशावर पडून सरळ डोळ्यात घुसतो. डॉर्कसने माझे हाल बघून आरसाच उचलून आत नेला. आमच्या धंद्यात आरसा म्हणजे अर्धा हात. तांब्यावर चित्र उलटं कोरायचं, तेव्हा कागदावर ते सुलटं उमटतं. म्हणून मूळ चित्रासमोर आरसा ठेवून त्यात बघत कोरतात. चाळीस वर्षांत मी आरशाशिवाय बसलो नव्हतो.

पण गंमत अशी की आरसा गेल्यापासून काम भरभर होतंय. चित्राकडे बघावं, पत्र्याकडे बघावं, रेघ जिथल्या तिथे. डॉर्कस शेजारी बसून बारीकसारीक सांगते: इथे तीन रेघा, इथे बटण, ही तलवारीची मूठ. मी तिच्या सांगण्यावर कोरणी चालवतो. तरुणपणाचा हात परत आल्यासारखं वाटलं. जेवताना तिला तसं म्हणालो, तर तिने आपल्या ताटातला बटाटा माझ्या ताटात टाकला.

१४ फेब्रुवारी

पत्रा पोचता केला. कच्ची छाप काढली तेव्हा पेलू बाथ या गावी हवापालटासाठी गेलेला होता, मूळ चित्र क्रॅनिजने त्याच्या घरी परत पाठवलं होतं. क्रॅनिजने छाप हातात घेतली, खालची अक्षरं वाचली आणि म्हणाला, "अक्षरं सरळ आहेत ना, मग झालं. चढवा यंत्रावर." अक्षरं दुसरा माणूस कोरतो, तो आपलं काम चोख करतो. मीही छाप डोळ्यापाशी नेली आणि मान डोलावली. दिसलं मात्र फक्त मधलं न्यायासन.

९ मार्च

आज जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

दुपारी आमच्या चॅपलचे वडीलधारे, आयझॅक ड्यूप्री, रेशमाच्या मागावरून उठून तसेच आमच्याकडे आले. हातात माझं चित्र. साठीचा माणूस, दार उघडताच मला मिठी मारून रडायला लागला.

"बंधू हॅलम," ते म्हणाले, "आमच्या गल्लीत एक माग असा नाही जिथे हे चिकटवलेलं नाही. क्रॅनिजचं दुकान काल दुपारी रिकामं झालं. इतकी वर्षं मी उपदेश करतोय आणि लोक जांभया देतात. तू एका कागदात सांगितलंस."

"काय सांगितलं?"

"आता मलाच विचारतोस होय," असं म्हणत त्यांनी चित्र टेबलावर पसरलं आणि माझं बोट धरून त्यावर फिरवलं. "हा प्रभूचा उजवा हात. इथे आपली माणसं. आणि हा डावा. इथे राजा, इथे बिशप, इथे न्यायाधीश विग घालून. बाकी सगळ्यांनी आजवर उलटं काढलं, तू सरळ केलंस."

ते गेल्यावर मी आरसा शोधून काढला आणि चित्र त्याच्यासमोर धरलं. आरशात राजे प्रभूच्या उजव्या हाताला आले. म्हणजे पत्र्यावर मी चित्र सुलटंच कोरलं होतं आणि ते कागदावर उलटं उमटलं. शिकाऊ पोराने पहिल्या आठवड्यात करावी अशी चूक. आरसा नव्हता तेव्हा रेघा इतक्या सहज का जुळत होत्या, हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नाही.

डॉर्कसला सांगितलं. ती शिवत होती. "मग?" ती म्हणाली. "लोकांना आवडलंय ना."

"लोकांना काय कळतंय? धंद्यातला माणूस बघेल आणि म्हणेल, हॅलम म्हातारा झाला, आरसा विसरला."

"तुला एवढंच वाटतंय?"

मी म्हटलं, एवढंच नाही, राजाविरुद्ध छापल्याबद्दल या वर्षात चौघे आत गेलेत, त्याचंही वाटतंय. तिची सुई थांबली. तुरुंगाचं तिच्या डोक्यात तोवर आलं नसावं.

१६ मार्च

व्हायचं तेच झालं. क्रॅनिजच्या दुकानातून पुन्हा छापलेली चित्रं आणि पत्रा सरकारी माणसांनी उचलून नेला. सायंकाळी चहाच्या वेळी क्रॅनिज स्वतः आमच्या माडीवर चढून आला, याआधी तो कधी आला नव्हता. वकिलाने लिहिलेला कागद त्याने आणला होता.

"सही कर, हॅलम. यात लिहिलंय की तुझे डोळे गेलेत, तू आरसा लावायला विसरलास आणि छाप उलटी आली. शुद्ध चूक. तूही सुटशील, मीही सुटेन."

"आणि मग मला काम कोण देणार?"

"आंधळ्याला काम कोण देतं? पण आंधळा घरी तरी झोपतो."

डॉर्कस चहा ओतत होती. "सही कर," ती म्हणाली. मी तिच्याकडे वळलो. "कर, गिडियन. मी कोणाचेही कपडे शिवीन, धुवीन. कर."

मी म्हटलं, उद्या सांगतो. क्रॅनिज जिना उतरताना पुटपुटला, "कोरणीवाल्यांना गर्व कशाचा असतो देव जाणे." मला त्याचं बोलणं लागलं. पंधराव्या वर्षापासून मी या धंद्यात आहे. माझ्या नावावर निदान दोनशे पत्रे असतील आणि याआधी एकाचीही छाप उलटी आली नाही. आंधळा म्हणवून घेईन, पण विसराळू म्हणवून घ्यायचं माझ्या जिवावर येतं.

१७ मार्च

सही केली नाही. दुपारी मला धरून नेलं. ड्यूप्री जामीन राहिले म्हणून सायंकाळी घरी आलो.

२० मार्च

आजची गोष्ट माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट आहे.

मॅजिस्ट्रेटने चौकशीसाठी धंद्यातला माणूस म्हणून टोबायस रेकला बोलावलं होतं. आम्ही एकाच गुरूकडे शिकलो, तेव्हापासून तो माझ्यावर जळतो. मी मनाशी ठरवलं होतं की नाइलाज झाला तर चूक कबूल करायची. रेकने भिंग लावून छाप बघितली, मग पेलूकडून आणलेलं मूळ चित्र बघितलं, आणि म्हणाला, "साहेब, ही चूक नाही."

"कशावरून?"

"चूक असती तर तलवारीही उलट्या झाल्या असत्या. माणूस तलवार डाव्या कुशीला लटकवतो. चित्र उलटलं की ती उजव्या कुशीला यायला हवी. इथे सात सेनापती आहेत आणि साती तलवारी डावीकडेच आहेत. ज्याने चित्र उलटं केलं त्याने त्या एकेक बदलून घेतल्या. हे डोकं लावून केलेलं काम आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "उत्तम केलंयस, हॅलम. मला जमलं नसतं."

मॅजिस्ट्रेटने मला विचारलं, तलवारी तू बदलल्यास? मी म्हटलं, नाही. कोणी बदलल्या? मला ठाऊक नाही. ते हसले. पण मला खरोखर ठाऊक नव्हतं. माझ्या हाताने कोरलेल्या त्या सात तलवारी माझ्या डोक्यातून आल्या नव्हत्या.

चालत घरी येताना ड्यूप्री बरोबर होते. त्यांना सगळं सांगितलं. ते रस्त्यातच थांबले आणि त्यांनी टोपी काढली.

"बंधू," ते म्हणाले, "तुझे डोळे प्रभूने का घेतले ते आता कळलं का? डोळस माणसाने आपल्याला दिसतं तेच कोरलं असतं."

मी तिथेच पायरीवर बसलो. इतके दिवस मी ज्याला माझी नामुष्की समजत होतो, ते काम माझं नव्हतंच. माझा हात कोणीतरी धरला होता. मी, गिडियन हॅलम, चहाच्या पुड्या कोरणारा माणूस.

२२ मार्च, रविवार

चॅपलमध्ये मला पुढच्या बाकावर बसवलं. प्रार्थनेनंतर विणकरांच्या बायका आपली पोरं माझ्यापाशी आणत होत्या, मी डोक्यावर हात ठेवावा म्हणून. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. डॉर्कस मागच्या बाकावरच बसून राहिली. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "तिथे माझं काय काम?"

२ एप्रिल

आज डॉर्कसने माझ्याशी भांडण काढलं. भांडणच म्हणायचं, दुसरं काय म्हणणार.

मी प्रार्थना करून उठलो तर समोर उभी. म्हणाली, "गिडियन, खाली बस आणि ऐक. कागद मी उलटा ठेवला. आरसा मी उचलला, उजेडाचं निमित्त करून. तलवारी मी त्या तेलकट कागदावरच खोडून दुसऱ्या कुशीला काढल्या. उलट्या तलवारी कोणाच्याही नजरेत भरल्या असत्या, म्हणून. तू फक्त मी सांगितलं तिथे कोरलंस."

मी म्हटलं, "कशाला करशील तू असं?"

"लूक डावीकडे उभा होता."

हे ऐकून मला खूप वाईट वाटलं. बिचारी. मला सोडवण्यासाठी ती काय काय रचते आहे, आणि रचताना मुलालाही ओढते आहे. मी तिचा हात धरून समजावलं की तू माग काढतेस तो काढतेस, पण चित्राचा अर्थ कसा फिरतो हे कळायला धंद्यात जन्म जावा लागतो. वकिलांना, बिशपांना जो अर्थ सापडतोय तो तुझ्या टाक्यादोऱ्यांतून आला असेल का? ती माझ्याकडे बघत राहिली असावी, मला तिचा चेहरा आता नीट दिसत नाही.

"मी उद्या मॅजिस्ट्रेटकडे जाऊन सांगते," ती म्हणाली.

"खोटं सांगशील?"

"तू ज्या दिवशी जायला हवं होतं त्या दिवशी गेला नाहीस. मी तरी जाते."

इतक्या दिवसांत तिने हे तोंडातून काढलं नव्हतं. आता निघालंच आहे तर लिहितो. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, एका बुधवारी लूकला भरतीवाल्यांनी दारू पाजून सराईतून उचललं. अठरा वर्षांचा होता. डॉर्कस म्हणाली, मॅजिस्ट्रेटकडे आत्ता जा, शुद्धीत नसताना सही घेतली असेल तर सोडतात. ते मॅजिस्ट्रेट माझी चित्रं विकत घेत आणि त्यांचाच एक पत्रा मला शनिवारी द्यायचा होता, रिकाम्या हाताने जायला नको वाटलं. मी शनिवारी पत्रा दिला, मग त्यांना सांगितलं आणि धक्क्यावर गेलो. जहाज शुक्रवारी सुटलं होतं. फ्लँडर्सच्या छावणीत तो तापाने गेला. पत्र कोणा सार्जंटचं आलं, त्यात त्याचं नावही चुकीचं होतं.

तीन दिवस. मी त्याबद्दल देवापाशी बोललो आहे. तिच्यापाशी कधी बोललो नाही.

३ एप्रिल

ती मॅजिस्ट्रेटकडे गेली होती. कारकुनाने दारातूनच परत पाठवलं. म्हणाला, बायको नवऱ्याच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्ष देऊ शकत नाही, आणि दर आठवड्याला कोणाची ना कोणाची बायको येऊन हेच सांगते.

१८ मे

खटल्याचा दिवस जवळ आला. वकील मिस्टर फेन म्हणाले, अजूनही डोळ्यांचं कारण सांगता येईल, तलवारी क्रॅनिजच्या माणसांनी बदलल्या असतील असं म्हणू. मी म्हटलं, मी चूक केली असं मी म्हणणार नाही, कारण चूक झालेली नाही. ते म्हणाले, मग काय म्हणणार? मी म्हटलं, प्रभूने माझा हात चालवला. त्यांनी कपाळावर हात मारला तो आवाज मला ऐकू आला.

डॉर्कस आठवडाभर जेवणात लक्ष देत नाही. आज बार्ली करपली.

११ जून

आज निकाल झाला. हे मी तुरुंगात, अंदाजाने मोठी अक्षरं काढत लिहितो आहे.

सरकारी वकील अर्धा तास माझ्या चित्रावर बोलला. छडीने एकेक माणूस दाखवत होता. हा मुकुट कोणाचा, हा विग कोणाचा, हा हात पोटावर ठेवलेला बिशप कोणता. मला माहीत नव्हते असे अर्थ त्याने काढले. प्रभूच्या पायाशी एक मोडकी पायरी आहे, ती म्हणे राजगादी. ती पायरी पेलूने कागद संपला म्हणून तशी काढली असावी. पण मनातल्या मनात मला नवल वाटत होतं की माझं कोणतंही काम एवढं बारकाईने आजवर कोणी बघितलं नव्हतं. रेकने तलवारींची साक्ष दिली. क्रॅनिजने शपथेवर सांगितलं की कोरणीवाल्याने त्याला फसवलं.

माझी पाळी आली तेव्हा मी जे खरं ते सांगितलं. वर गॅलरीत विणकर बसले होते, त्यांनी "आमेन" म्हटलं आणि न्यायाधीशांनी त्यांना गप्प केलं. ज्युरी उठून आत गेलीसुद्धा नाही. जागेवरच कुजबुजून दोषी म्हणाली.

न्यायाधीश शिक्षा सांगणार तेवढ्यात गॅलरीतून डॉर्कसचा आवाज आला.

"मिलॉर्ड, ते मी केलं."

शिपाई तिच्याकडे धावले असावेत. न्यायाधीश म्हणाले, "राहू द्या. ऐकूया बाई काय म्हणते."

ती अजिबात रडत नव्हती. "कागद मी उलटा ठेवला, मिलॉर्ड. तलवारी मी बदलल्या. यांना दिसत नाही हो, तुम्ही कोणीतरी बोटं समोर धरून तरी बघा. माझा मुलगा राजाच्या लढाईत मेला. त्या चित्रात त्याच्यासारखा एक पोरगा होता, आणि तो जळणाऱ्यांत उभा केला होता. त्याला दारू पाजून नेणारे तलवारीवाले तरणाऱ्यांत. मी म्हटलं, इथे त्याला पायात जोडा नाही आणि वर जाऊनही तोच जळणार? मी त्याला उजवीकडे नेला. एकट्याला नेता येत नव्हतं. कागद उलटला की सगळेच जातात, म्हणून सगळ्यांना नेलं."

कोणीतरी नाक शिंकरलं. मी लाजेने मान खाली घातली. नवऱ्यासाठी खोटं बोलणारी बाई, तीही देवाच्या कामाबद्दल.

न्यायाधीश म्हणाले, "बाईने नवऱ्याच्या घरात, नवऱ्याच्या देखत केलेलं काम नवऱ्यानेच केलं असं कायदा मानतो. तेव्हा तुम्ही म्हणता ते खरं असलं तरी काही फरक पडत नाही. आणि शिवणकाम करणाऱ्या बाईला असले विचार आपणहून सुचत नाहीत. ते कोणीतरी शिकवलेले असतात. या माणसाने राजद्रोहाचं विष आपल्या घरातल्या बाईलाही पाजलं आहे. मी सहा महिने देणार होतो. दीड वर्ष देतो."

तेव्हा मात्र ती ओरडली. मी तिला तसं ओरडताना आधी एकदाच ऐकलं होतं, शनिवारी, मी धक्क्यावरून एकटा परत आलो तेव्हा.

३० जुलै

इथे भिंतींना ओल आहे. उजव्या डोळ्याने आता खिडकी तेवढी कळते, डाव्याने तीही नाही. ड्यूप्री येऊन गेले. म्हणाले, सरकारने पत्रा तोडून वितळवला, पण लोकांनी चित्रं गाद्यांत शिवून ठेवली आहेत. मला शांत वाटतं. बाकीचे कैदी भिंतीवर दिवस मोजतात, मला मोजावेसे वाटत नाहीत. ज्याच्यासाठी आलो तो मला विसरणार नाही. माझ्या हातून शेवटी एक खरं काम झालं आणि ते त्याने करून घेतलं, या विचारावर मी जगतो आहे. तो विचार नसता तर मी इथे एक दिवसही काढला नसता.

८ सप्टेंबर

डॉर्कस आली होती. दुपारी दोन ते तीन भेटू देतात. तिने पाव आणि उकडलेली अंडी आणली. तिचे हात साबणाने फुटलेले लागले. आजकाल कपडे धुते म्हणाली.

मी तिला सांगितलं की कोर्टात ती खोटं बोलली त्याचा मला आता राग नाही. माझ्यावर एवढी माया कोणी केली नव्हती हेही सांगितलं. पण देवाचं श्रेय आपल्याकडे घेणं हे पाप आहे आणि ते तिच्या माथ्यावर राहू नये असं मला वाटतं.

ती म्हणाली, "गिडियन, तुला खरंच वाटतं त्याने केलं?"

"वाटतं म्हणजे काय? नाहीतर मी इथे कशासाठी आहे?"

शेजारच्या कोठडीतला माणूस खोकत होता. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, डोळ्यांवरून अंगठे फिरवले. मी म्हटलं, काय बघतेस?

मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं. त्यानेच केलं."

"तू नाही केलंस?"

"नाही."

मी म्हटलं, मग माझ्याबरोबर गुडघे टेक आणि क्षमा माग. आम्ही ओल्या फरशीवर शेजारी शेजारी गुडघे टेकले. मी शब्द सांगत गेलो आणि ती माझ्यामागून म्हणत गेली, की मी खोटं बोलले, मी देवाचं काम माझं म्हटलं, मला क्षमा कर. शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फुटला आणि ती रडायला लागली. लूक गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. तिचं मन शेवटी नरम झालं, हे ऐकून मला समाधान वाटलं.